हातचा

मुख्याध्यापकांच्या खोलीत नवं टेबल आलं, तेव्हा आम्ही सगळे शिक्षक ते बघायला जमलो होतो. चकचकीत, गुळगुळीत, कुठं खिळा म्हणून दिसत नव्हता. जो तो हात फिरवून 'छान, छान' म्हणत होता. गणिताचे सर सगळ्यांत शेवटी आले. त्यांनी टेबलाला एक प्रदक्षिणा घातली, वाकून कान जवळ नेला आणि बोटाच्या पेरानं टकटक केलं. मग दुसऱ्या कोपऱ्यावर टकटक केलं. मग उभे राहून म्हणाले, "गेलेलं आहे."

"कोण गेलं?" मुख्याध्यापकांनी दचकून विचारलं.

"लाकूड. भुसा दाबून केलंय. हाक मारली तर ओ देत नाही."

त्यानंतर बरेच दिवस मुख्याध्यापक गणिताच्या सरांशी शिपायामार्फत बोलत होते. सरांना त्याचं काही नव्हतं. टिचकी मारल्याशिवाय कुठल्याही वस्तूशी त्यांची ओळखच होत नसे. वर्गातली बाकं, एसटीच्या खिडकीची चौकट, दुधी भोपळा, कुणाच्या नव्या घराचं दार, सगळ्यांना ते आधी वाजवून बघायचे. मोखाड्याच्या बाजारात एका नारळवाल्यानं त्यांना हाकलून लावलं होतं, कारण ढिगातले झाडून सगळे नारळ त्यांनी वाजवले आणि घेतला एकही नाही. वर त्यालाच म्हणाले, "आवाज बघत होतो. खायचं मनात नव्हतं."

मी मूळची सिन्नरची. मराठी शिकवायला मोखाडा तालुक्यातल्या त्या आश्रमशाळेत गेले आणि लवकरच बदली करून घेऊ म्हणता म्हणता बरीच वर्षं राहिले. माझा वर्ग आणि सरांचा वर्ग यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा होता. त्यामुळे माझ्या कवितेत त्यांचं गणित कायम घुसायचं. मी मुलांना नदीकाठी घेऊन जावं आणि पलीकडून गर्जना यावी, "हातचा कुठं गेला?" त्यावर पलीकडचा अख्खा वर्ग ओरडायचा, "डोक्यावर!" काही दिवसांनी माझी मुलंही ओरडायला लागली. बेरजेत हातचा विसरणं हा सरांच्या लेखी एकमेव अक्षम्य गुन्हा होता. बाकी चुका ते पोटात घालत. म्हणायचे, "हातचा विसरला तरी बेरीज दिसायला बेस दिसते. तिथंच माणूस फसतो."

'बेस' हा तिकडचा शब्द. चांगलं ते सगळं बेस. भात बेस, पाऊस बेस, सून बेस. सर शाळेत माझ्यापेक्षा शुद्ध मराठी बोलायचे, पण मनापासून काही आवडलं की हा शब्द बाहेर पडायचाच.

त्यांचं घर जव्हार तालुक्यात साखरशेतला. घरची भाताची आणि नागलीची शेती. नागली म्हणजे आपली नाचणी. तिथून ते मोटारसायकलवर शाळेत यायचे, आणि त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी पॉलिश पेपरची घडी असायची. शिक्षकांच्या बैठकीत सगळे माना डोलवत असताना हे लाकडाचा एखादा तुकडा घासत बसलेले. एकदा साहेब तपासणीला आले होते. त्यांनी विचारलं, "हे काय चाललंय?" सर म्हणाले, "मान आहे साहेब, अजून जाड वाटतेय." साहेबांचा हात नकळत स्वतःच्या मानेकडे गेला.

ती गिटारची मान होती. सर गिटारी बनवायचे.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कॉलेजात असताना शिरलं. वसतिगृहातल्या खोलीत एका श्रीमंत मुलाचं गिटार होतं आणि त्याला हात लावायची कुणालाच परवानगी नव्हती. तो जेवायला गेला की सर पट्टी घेऊन त्याची मापं घ्यायचे. हात न लावता. महिनाभर जेवणाला उशिरा जाऊन त्यांनी ते अख्खं कागदावर उतरवलं. वाजवायचं कसं ते कधी बघितलंच नाही. त्यामुळे पुढं गिटारी झाल्या, त्या वाजवायला मात्र सरांना एकच चाल यायची, तारप्याची. त्यांचे वडील तारपा करायचे. वाळलेल्या भोपळ्याला बांबूच्या नळ्या जोडून केलेलं हे फुंकायचं वाद्य. त्याच्याभोवती फेर धरून अख्खा पाडा नाचतो. ती फुंकायची चाल सर तारांवर वाजवायचे. मला सुरातलं ओ की ठो कळत नाही, तरी ऐकताना पाय आपोआप हलायचे एवढं नक्की.

लाकूड शिवणीच्या झाडाचं. सर ते वर्षभर माळ्यावर वाळवत ठेवायचे. मग पातळ फळ्या पाण्यात भिजवून तापलेल्या बंबावर टेकवून वाकवायच्या. वहिनी म्हणजे त्यांची बायको. त्या म्हणायच्या, "आमच्या घरात आधी लाकडाची आंघोळ, मग मानसांची." मानेवरच्या पितळी पट्ट्या कुठं बसवायच्या याचं गणित सरांनी इतकं चोख केलं होतं की दहावीच्या मुलांना श्रेढी शिकवताना सर गिटारच वर्गात आणायचे. गणितात चूक नव्हती. चूक असलीच तर हवेची होती. आमच्याकडचा पाऊस चार महिने नुसता कोसळतो. त्यात लाकूड फुगायचं, मान वाकायची आणि सकाळी लावलेले सूर दुपारपर्यंत घर सोडून जायचे. मग सर ती गिटार चुलीवरच्या दांडीला, बियाण्याच्या बोचक्याशेजारी टांगून ठेवायचे. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक गिटारीला धुराचा वास यायचा.

मराठीची बाई म्हणून मी एकदा त्यांना अडवलं होतं. म्हटलं, "सर, तुम्ही कधी 'ते गिटार' म्हणता, कधी 'ती गिटार'. काहीतरी एक ठरवा."

"ठरलेलं आहे बाई," ते म्हणाले. "दुकानातलं असेल तर ते. माझ्याकडची असेल तर ती."

व्याकरणात हा नियम नाही. पण मला तो इतका आवडला की मी तेव्हापासून पाळत आले.

म्हणून कुणी समजेल, हा माणूस यंत्रांच्या नावानं बोटं मोडणारा असेल. तसं मुळीच नव्हतं. गिरणीच्या पिठाचं ते कौतुक करायचे, मोबाइल आमच्या आधी त्यांच्याकडे आला. दुकानातल्या गिटारला तर ते उघड मान द्यायचे. "सुरात ते माझ्या वरचढ आहे, बाई. हजार केले तर हजार सारखेच निघतात. बेरीज एकदम बरोबर."

"मग तुमच्या गिटारीत काय जास्त?"

"हातचा," ते म्हणायचे आणि आपल्याच विनोदावर खूश होऊन टेबलावर टिचकी मारायचे.

पण हा नुसता शब्दांचा खेळ नव्हता. हातचा खरोखरच तिच्यात असायचा. आपल्याकडे शेजारणीचं भांडं परत करताना रिकामं देत नाहीत. काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालतात. सरांच्या मते गिटार हेही एक भांडंच. "पाण्याचा भोपळा आणि तारप्याचा भोपळा एकाच वेलाचा. पोकळ ते भांडं." म्हणून नवी गिटार पुरी झाली की ते मधल्या गोल भोकातून तिच्या पोटात मूठभर नागली टाकायचे. त्यालाच ते हातचा म्हणायचे. गिटार उचलली किंवा कलती केली की आत बारीक सर्र असा आवाज यायचा. वाजवणाऱ्यांना त्याचा त्रास होत असणार. सरांना तसं कुणी सांगितलं तर ते म्हणायचे, "तेवढं ऐकून घ्या. भांडं रिकामं देऊ नये."

एका पावसाळ्यात जव्हारला धबधबे बघायला आलेला मुंबईचा एक संगीतवाला त्यांचा पत्ता शोधत साखरशेतला आला. मीही नेमकी तिथं होते. त्यानं भिंतीवरची गिटार काढून घेतली, वाजवली, डोळे मिटले, पुन्हा वाजवली. म्हणाला, "क्या बात है! धूर आहे हिच्या आवाजात. मशीनमधून असं निघत नाही. मास्तर, कितीला देणार? तुम्ही बोलाल तो आकडा." आणि बोलता बोलता त्याला तो सर्र ऐकू आला. "कचरा गेलाय आत," असं म्हणून त्यानं गिटार उलटी केली आणि चांगली झटकली. ओटीवर नागली सांडली. कोंबड्या धावत आल्या.

सरांनी त्याच्या हातातून गिटार काढून घेतली आणि पुन्हा खिळ्याला लावली. "नाही द्यायची," ते म्हणाले.

"अरे, पण आकडा तर बोला!"

"आता रिकामी झाली ना. रिकामी कशी देऊ?"

तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. त्याला ही काहीतरी देवाधर्माची बाब वाटली असावी. हात जोडून, कोंबड्यांचे फोटो काढून तो निघून गेला. वहिनी आतून म्हणाल्या, "मूठभर नागली परत टाकली असती त काय व्हता?" सर म्हणाले, "त्याना कचरा बोलला."

असा हा माणूस. आता जागृतीचं सांगते.

जागृती ही त्यांची एकुलती एक मुलगी. माझीच विद्यार्थिनी. बारावीनंतर नाशिकच्या कॉलेजात गेली आणि तिथल्या गाण्याच्या गटात तिची निवड झाली. आमच्या भागातली पोर त्या गटात पहिलीच. वडिलांची जुनी गिटार तिनं सोबत नेली होती, पण बाकीच्या वाद्यांशी तिचे सूर जुळेनात. एकटी वाजली की गोड, चौघांत बसली की बेसूर. गटाच्या सरांनी तिला स्पष्ट सांगितलं, सुट्टीनंतर सुरात राहणारं गिटार आण, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला देऊ. तिच्या मामानं तिला दुकानातलं एक गिटार घेऊन दिलं. ते घेऊन ती दिवाळीला घरी आली, आणि बघते तर वडिलांनी तिच्यासाठी नवीन गिटार करून ठेवलेली. अख्खा पावसाळा ते त्याच कामात होते. शाळेत रोज मला तिची प्रगती ऐकावी लागली होती. मान झाली, पोट झालं, आज ओल्या लाकडाचा वास गेला, आज ओ दिली.

त्या दिवाळीला मी साखरशेतलाच होते. तिकडं दिवाळी सुरू होते ती वाघबारस होऊन गेली होती. सकाळी आम्ही सगळे काकडी घालून पानात उकडलेल्या भाकरी खात बसलो होतो आणि दोन्ही गिटारी समोर भिंतीला टेकवलेल्या होत्या. कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं.

"बाबा, मी तुमचीच नेणार," जागृती एकदम म्हणाली. "गटाचं काय, होईल ते होईल."

तिचा चेहरा बघून मला गलबलून आलं. पोरगी मनातून कोसळली होती आणि वरून हसत होती. सर थोडा वेळ ताटाच्या कडेवर टिचक्या मारत राहिले. मग म्हणाले, "असं नको. दया म्हणून कुणी नेलेली चालत नाही आपल्याला. परीक्षा घेऊ. मी पाठ करून बसतो. तू दोन्ही वाजव. माझी कोणती ते मी ओळखलं तर माझी ने. नाही ओळखलं तर ते दुकानातलं घेऊन जा. मग माझी गिटार लायकीची नाही असं धरू. बाई पंच."

"बाबा, तुम्ही ओळखणारच," ती हळूच म्हणाली.

"मग भीती कशाला?"

सर ओटीवर अंगणाकडे तोंड करून बसले. जागृती त्यांच्या पाठीमागे दारात. मी कडेला, दोघंही दिसतील अशी. शेजारची म्हातारी भात पाखडायचं सोडून बघायला आली. जागृतीनं आधी वडिलांची गिटार उचलली. त्या क्षणी सरांची पाठ जराशी ताठ झाली. मला वाटलं, मुंगी चावली असेल. तिनं तारप्याची चाल वाजवली, गिटार खाली ठेवली आणि दुकानातलं गिटार घेऊन तीच चाल पुन्हा वाजवली.

सरांनी मान कलती केली. "पुन्हा एकदा," म्हणाले. तिनं पुन्हा तसंच, त्याच क्रमानं वाजवलं. जागृतीचा चेहरा आता अगदी उतरला होता, कारण या माणसानं नारळसुद्धा आवाजावरून ओळखले असते.

"दुसरी," सर म्हणाले. "दुसरी माझी."

पंच म्हणून मला सांगावं लागलं की दुसरं ते दुकानातलं. म्हातारी खो खो हसत सुटली. "काय रं मास्तर! सोताचा पोर वळखला नाय तू?" वहिनी म्हणाल्या, "बेस झाला. आता बंबावर माझी आंघोळ तरी व्हईल." सरही हसले. कान गेले माझे, म्हणाले. त्या हसण्यात मीही होते. एवढी मोठी फजिती, तीही अशा पक्क्या माणसाची, रोज बघायला मिळत नाही.

फक्त जागृती हसली नाही. तिनं वडिलांची गिटार उचलून पुन्हा भिंतीला टेकवली, अगदी सावकाश, भरलेली कळशी ठेवावी तशी. मग दुकानातलं गिटार घेऊन आत गेली आणि कितीतरी वेळ बाहेर आली नाही. मला वाटलं, सामान भरत असेल.

पुढं शाळेत ही गोष्ट सर स्वतःच रंगवून सांगायचे. यंत्रापुढं कसे हरलो, पाठ करून बसलो नि तोंडावर कसे पडलो. मुख्याध्यापकांना तर ती इतकी आवडली की टेबलाचं प्रकरण त्यांनी एकदाचं पोटात घातलं. सरांनी त्यानंतर नवीन गिटार केली नाही. माळ्यावरची शिवण तशीच राहिली. खिशातला पॉलिश पेपर मात्र होता. बैठकीत ते आता खडूचा तुकडा घासायचे.

माझी बदली झाली ती नाशिकलाच. निरोप समारंभात शाल मिळाली, नारळ मिळाला आणि सरांनी तो नारळ आधी वाजवून बघितला. मी निघाले त्या दिवशी ते मोखाड्याच्या स्टँडवर आले. मोटारसायकलवर मागे पोत्यात गुंडाळलेली गिटार बांधली होती. तीच, जागृतीनं न नेलेली.

"सर, मला कुठं वाजवता येते?"

"धान्याची कणगी तरी कुठं वाजवता येते? घरात असलेली बरी."

एसटी लागली. मी गिटार खांद्याला लावायला उचलली आणि आत सर्र झालं. दाणे या टोकाकडून त्या टोकाला गेले. स्टँडवर गाड्यांचा, माणसांचा एवढा गलका असूनही ते मला नीट ऐकू आलं. मला, जिला सुरातलं काही कळत नाही तिला. आणि त्या परीक्षेच्या दिवशी सर ओटीवर जागृतीपासून हातभर अंतरावर बसले होते. एक तारही वाजायच्या आधी, मुलीनं गिटार नुसती उचलली तेव्हाच त्यांना कळलेलं होतं. पाठ ताठ झाली होती ती त्यानं. मुंगी कुठली चावतेय.

"सर," मी म्हटलं, "तुम्ही ओळखली होती."

सरांनी माझ्याकडे बघितलंच नाही. एसटीच्या पत्र्यावर टिचकी मारून त्यांनी कान दिला. "बाई, तुमचा विषय मराठी. गणितात पडू नका," ते म्हणाले. "चढा आता. गाडी बेस आहे."

खरं सांगते, त्या माणसाचा मला त्या क्षणी फार अभिमान वाटला आणि थोडा रागही आला. आयुष्यभर मिरवलेली एकच गोष्ट, ती अशी भर अंगणात म्हातारीच्या हसण्यावर उधळून टाकायची म्हणजे काय! पण घाटाच्या वळणांवर ते दाणे माझ्या मांडीवर इकडून तिकडे जात राहिले आणि राग टिकला नाही.

नाशिकला आल्यावर जागृतीच्या कॉलेजात तिच्या गटाचा कार्यक्रम होता. तिनं आग्रहानं बोलावलं. मी जरा लवकरच गेले. पडद्यामागे ती तारा पिळत बसली होती. मला बघून धावत आली, पाया पडली. वडिलांची सगळी खबर तिला माझ्याकडून हवी होती. मी सांगितलं. स्टँडवरचं मात्र सांगितलं नाही. जे बापानं सांगितलं नाही ते मी कोण सांगणार?

"आणि हे गिटार राहतं ना आता सुरात?" मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

"राहतं की बाई. थोडं इतरांना खपवून घ्यावं लागतं," असं म्हणत तिनं दुकानातलं ते गिटार खुर्चीवरून उचललं.

सर्र.

मी तिच्याकडे बघत राहिले. तिनं मान खाली घातली.

"हातचा आहे," ती म्हणाली. "त्याच दिवशी टाकला. आत गेले होते ना, तेव्हा. कणगीतली नागली." मग डोळे पुसून म्हणाली, "बाबांना नका सांगू, बाई. त्यांना वाटतं, मला काही कळलं नाही."

तेवढ्यात तिला रंगमंचावरून हाक आली. मी समोर जाऊन खुर्चीवर बसले. बाकीच्यांनी काय वाजवलं, कसं वाजवलं, ते जाणकारांना विचारा. जागृतीची गिटार बेस वाजली. 'वाजली' हे मी मराठीची बाई म्हणून नीट विचार करूनच लिहिलं आहे.